मॅथ्यू फाँटेन मॉरी : नोंदींतून समुद्र वाचणारा नाविक

१.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.

• मॅथ्यू फाँटेन मॉरी यांचा जीवनपट सांगता येईल.
• विखुरलेल्या नोंदींतून वारे, प्रवाह व जलचर यांच्या हालचालींचे आकृतिबंध कसे शोधले जातात, हे स्पष्ट करता येईल.
• मॉरी यांच्या कार्याचे मोल आणि त्याच्या मर्यादा यांचा तौलनिक विचार करता येईल.
• ज्याची विद्या आदरणीय, परंतु ज्याची काही मते निषेधार्ह आहेत, अशा व्यक्तीचे चरित्र कसे लिहावे, या प्रश्नाची चर्चा करता येईल.

१.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण बहुधा संत, समाजसुधारक, राजपुरुष किंवा साहित्यिक यांच्या चरित्रांकडे वळतो. शास्त्रीय कार्य करणाऱ्या व्यक्तीचे चरित्र लिहिणे आणि वाचणे ही थोडी निराळी गोष्ट आहे. अशा चरित्रात व्यक्तीबरोबर तिच्या विचारपद्धतीचीही ओळख करून द्यावी लागते. कारण ती पद्धती हाच त्या जीवनाचा गाभा असतो.

प्रस्तुत घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन नौदल अधिकारी व सागरविद्येचे एक आद्य अभ्यासक मॅथ्यू फाँटेन मॉरी यांच्या चरित्राचा परिचय करून घेणार आहोत. समुद्रावर रस्ते नसतात. जहाज गेले की पाण्यावरची त्याची खूण पुसली जाते. तरीही समुद्रात वाऱ्यांच्या वाटा आहेत, प्रवाहांच्या वाटा आहेत आणि माशांच्याही वाटा आहेत. आपल्या कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधव नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात लोटतात, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वाऱ्याचे असे ज्ञान त्यांच्या पाठीशी असते. परंतु हे ज्ञान एका किनाऱ्यापुरते आणि बरेचसे मौखिक असते. जगातील सर्व समुद्रांवरचे असे विखुरलेले अनुभव एकत्र करून त्यांतून नियम काढावेत, या विचाराला मॉरी यांनी प्रत्यक्ष रूप दिले. त्यासाठी नवा समुद्र धुंडाळण्याची त्यांना गरज पडली नाही. सरकारी कोठारात पडून राहिलेल्या जुन्या वह्या त्यांनी वाचल्या.

१.२ बालपण व नौदलातील प्रवेश

मॉरी यांचा जन्म १४ जानेवारी १८०६ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील स्पॉटसिल्व्हेनिया परगण्यात झाला. ते लहान असतानाच कुटुंब टेनेसी राज्यातील फ्रँकलिन गावाजवळ स्थायिक झाले. घर शेतकऱ्याचे होते, मुले पुष्कळ होती आणि शेतीच्या कामाला हातांची गरज होती. बारा वर्षांचे असताना मॉरी एका उंच झाडावरून पडले व त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. शेतातील जड कामे त्यांच्याकडून होणार नाहीत, असे दिसल्यावर त्यांना शाळेत घालण्यात आले. शरीराला झालेल्या अपघातामुळे विद्येचे दार उघडावे, हा त्यांच्या आयुष्यातील पहिला असा प्रसंग. पुढे तसाच आणखी एक प्रसंग येणार होता.

त्यांचे थोरले बंधू जॉन नौदलात अधिकारी होते. १८२४ साली पीतज्वराने त्यांचा समुद्रावरच मृत्यू झाला. एक मुलगा समुद्राने नेलेला असताना दुसऱ्यानेही तीच वाट धरावी, हे वडिलांना मान्य होणे शक्य नव्हते. तथापि १८२५ साली एकोणीस वर्षांच्या मॉरी यांनी वडिलांच्या इच्छेविरुद्ध नौदलात प्रवेश केला. त्या काळी अमेरिकेत नौदल अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र विद्यालय नव्हते. जहाजावर काम करता करता जे शिकता येईल तेच शिक्षण. पुढील काही वर्षांत मॉरी यांनी अटलांटिक ओलांडला, पॅसिफिकमध्ये काम केले आणि ‘व्हिन्सेन्स’ या जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १८३० साली ते मायदेशी परतले. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अमेरिकन नौदलाचे ते पहिले जहाज होते.

१.३ एक अनुत्तरित प्रश्न

१८३१ साली मॉरी यांची ‘फालमथ’ या जहाजावर नेमणूक झाली. जहाजाचा मार्ग आखणे हे त्यांचे काम. जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये जाणार होते. केप हॉर्नजवळचा समुद्र वादळांसाठी कुप्रसिद्ध होता. निघण्यापूर्वी मॉरी यांनी त्या भागातील वारे व प्रवाह यांची माहिती मिळवण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शेकडो जहाजे त्या टोकाला वळसा घालून गेली होती. प्रत्येक कप्तानाने वारा सोसला होता, प्रवाहाशी झुंज दिली होती आणि ते सर्व आपल्या वहीत लिहूनही ठेवले होते. म्हणजे अनुभव होता, त्याची नोंदही होती. नव्हते ते ज्ञान. प्रत्येक नवा कप्तान पहिल्यापासून सुरुवात करीत होता. केप हॉर्नच्या नौकानयनावर मॉरी यांनी नंतर एक लेख लिहिला. तो १८३४ साली एका अमेरिकन विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांचा अ‍ॅन हर्न्डन यांच्याशी विवाह झाला. १८३६ साली त्यांचा नौकानयनशास्त्रावरील ग्रंथ बाहेर पडला. एका तरुण, कनिष्ठ अधिकाऱ्याने पाठ्यग्रंथ लिहावा, ही त्या काळच्या नौदलात नवलाची गोष्ट होती.

१.४ अपघात व कोठारातील वह्या

१८३९ साली ओहायो राज्यात घोडागाडी उलटून मॉरी यांच्या पायाचे हाड मोडले. पाय कायमचा अधू झाला. समुद्रावर जाण्याची वाट त्यामुळे बंद झाल्यासारखीच होती. तेहेतीस वर्षांच्या नाविकाला ही शिक्षा मोठी होती. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्यांनी टोपणनावाने लेख लिहून नौदलातील गैरव्यवस्था, उधळपट्टी आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची हेळसांड यांवर टीका केली. हे लेख गाजले. लेखक कोण हेही फार काळ लपून राहिले नाही.

१८४२ साली त्यांना वॉशिंग्टन येथे नौदलाच्या नकाशे व उपकरणे यांच्या कोठाराचे प्रमुख नेमण्यात आले. बाहेरून पाहता ही नेमणूक अधू अधिकाऱ्याची सोय होती. कोठारात दुर्बिणी, कालमापके, होकायंत्रे होती आणि त्यांच्याबरोबर जहाजांच्या जुन्या लॉगबुकांचे ढीग होते. लॉगबुक म्हणजे जहाजाची दैनंदिन नोंदवही. जहाज कोठे आहे, वारा कोणत्या दिशेने व किती जोराने वाहतो, हवा कशी आहे, यांची नोंद तीत दिवसाकाठी अनेक वेळा केली जाई. सफर संपली की वही जमा होई आणि तिचे काम संपले असे मानले जाई. फालमथवर पडलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यासमोर धूळ खात पडले आहे, हे मॉरी यांनी ओळखले. त्यांनी आपल्या सहायकांना त्या वह्यांतील नोंदी उतरवून काढण्याच्या कामाला लावले. पुढे १८४४ साली ही संस्था नौदल वेधशाळा म्हणून नावारूपाला आली. तिचेही प्रमुखपद मॉरी यांच्याकडेच राहिले.

१.५ नोंदींतून हालचाल कशी दिसते?

मॉरी यांची पद्धती आपण थोडी तपशिलाने समजून घेऊ.

पहिला प्रश्न प्रवाहाचा. समुद्राच्या मध्यावर असलेल्या जहाजाला आपल्याखालचे पाणी कोणीकडे सरकत आहे, हे डोळ्यांनी दिसत नाही. कारण जहाजही त्या पाण्याबरोबर सरकत असते. मग ते कळावे कसे? नाविक आपले स्थान दोन प्रकारे ठरवीत. जहाजाचा वेग आणि दिशा यांवरून आपण अमुक इतके अंतर आलो असू, असा ते हिशेब मांडत. हे झाले अंदाजी स्थान. आणि सूर्य-ताऱ्यांचे वेध घेऊन व कालमापक पाहून ते अक्षांश-रेखांश काढीत. हे झाले प्रत्यक्ष स्थान. समजा, हिशेबाप्रमाणे जहाज एका बिंदूवर असायला हवे. परंतु वेध सांगतात की ते त्या बिंदूच्या वीस मैल पूर्वेला आहे. तर मधल्या चोवीस तासांत पाण्याने जहाजाला पूर्वेकडे वीस मैल ढकलले, असे अनुमान निघते. कप्तानाच्या दृष्टीने ही हिशेबातील चूक, तर मॉरी यांच्या दृष्टीने ते प्रवाहाचे मोजमाप होते.

अर्थात एका नोंदीवर विसंबून चालत नाही. वेग मोजण्यात चूक होऊ शकते, वेध चुकू शकतात, वारा जहाजाला बाजूला रेटू शकतो. परंतु त्याच भागातून, त्याच महिन्यात गेलेल्या अनेक जहाजांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तर निरनिराळ्या दिशांच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी छेद देतात आणि मागे उरते ती पाण्याची खरी चाल. एकट्या साक्षीदाराचे म्हणणे संशयास्पद असले, तरी परस्परांना न ओळखणारे अनेक साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की ती मानावी लागते, तसेच हे आहे.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. त्यासाठी मॉरी यांनी समुद्राचे पाच अंश अक्षांश व पाच अंश रेखांश असे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात, प्रत्येक महिन्यात, सोळा दिशांपैकी कोणत्या दिशेने किती वेळा वारा आढळला आणि किती वेळा वारा पडलेला होता, याची मोजदाद केली. नाविकाला अशा नकाशावरून उद्याचा वारा कळत नसे. पण मार्च महिन्यात या ठिकाणी कोणत्या वाऱ्याची शक्यता अधिक, हे कळत असे. भाकीत आणि संभव यांतील हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

तिसरा विषय देवमाशांचा. त्या काळी दिव्याच्या तेलासाठी व्हेल माशांची प्रचंड शिकार होत असे. शिकारी जहाजांच्या वह्यांमध्ये कोणत्या जातीचा मासा कोठे व केव्हा दिसला, हे लिहिलेले असे. त्यांवरून मॉरी यांनी व्हेलच्या वावराचे नकाशे केले. राइट व्हेल हा मासा उष्ण कटिबंधातील पाणी टाळतो आणि विषुववृत्त ओलांडत नाही, ही गोष्ट या नकाशांतून उघड झाली. ज्या चौकोनांतून जहाजे पुष्कळ वेळा गेली तरी मासा दिसला नाही, ते रिकामे चौकोनही येथे बोलके ठरले. मात्र जेथे कोणी गेलेच नाही तेथील रिकामेपणा आणि जेथे शोधूनही काही आढळले नाही तेथील रिकामेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून किती दिवस शोध घेतला याची नोंदही नकाशात असणे आवश्यक होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

१. अंदाजी स्थान व प्रत्यक्ष स्थान यांतील फरकावरून प्रवाह कसा ओळखता येतो?
२. नकाशावरील रिकाम्या चौकोनाचे दोन अर्थ कोणते?

१.६ रिओची सफर

१८४७ साली उत्तर अटलांटिकचा वारे व प्रवाह यांचा पहिला नकाशा प्रसिद्ध झाला. त्याचे स्वागत उत्साहाने झाले असे नाही. समुद्रावर केस पांढरे केलेल्या कप्तानांना वॉशिंग्टनमध्ये टेबलाशी बसून काढलेल्या रेषांवर विश्वास ठेवणे जड गेले.

ब्राझीलला जाणारी जहाजे तेव्हा एक लांबचा वळसा घेत. ब्राझीलच्या सेंट रोक भूशिराजवळचा प्रवाह जहाजाला पश्चिमेकडे ओढून नेतो, अशी समजूत होती. त्या भीतीने कप्तान आधीच पूर्वेला, आफ्रिकेच्या बाजूला सरकत आणि विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात अडकून पडत. नोंदी मात्र निराळे सांगत होत्या. त्या प्रवाहाचा बाऊ अधिक होता. विषुववृत्त पश्चिमेकडून ओलांडणे सोयीचे आहे, असे मॉरी यांनी दाखवून दिले. १८४८ साली बाल्टिमोरच्या एका जहाजाचे कप्तान जॅक्सन यांनी हा मार्ग पत्करला. ज्या सफरीला सुमारे पंचावन्न दिवस लागत, ती त्यांनी अडतीस दिवसांत पूर्ण करून रिओ द जानेरो गाठले. बातमी बंदराबंदरांतून पसरली. व्यापाऱ्याला दिवस म्हणजे पैसा आणि खलाशाला दिवस म्हणजे प्यायचे पाणी व जिवाची जोखीम. जे काम युक्तिवादाने झाले नसते, ते या एका सफरीने केले.

कॅलिफोर्नियात सोने सापडले होते आणि लवकरच केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या जहाजांची रीघ लागली. १८५१ साली ‘फ्लाइंग क्लाउड’ हे शिडाचे जहाज न्यू यॉर्कहून निघून नव्वद दिवसांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. त्याच्या मार्गदर्शक होत्या कप्तानाच्या पत्नी एलिनॉर क्रीसी. त्यांनी मॉरी यांच्या नकाशांचा व सूचनांचा उपयोग केला होता. त्या काळी स्त्रीने जहाजाचा मार्ग ठरवणे ही दुर्मीळ गोष्ट होती. एरवी याच सफरीला सहा सहा महिने लागत.

१.७ देवघेवीची व्यवस्था व ब्रुसेल्स परिषद

मॉरी यांचे मोठेपण केवळ नकाशात नाही. माहिती सतत वाढत राहावी, यासाठी त्यांनी एक साधी व्यवस्था निर्माण केली. त्यांनी कप्तानांना कोरे तक्ते दिले. ठरलेल्या पद्धतीने नोंदी करून जो कप्तान तक्ता परत करील, त्याला नकाशे व मार्गदर्शक पुस्तिका विनामूल्य मिळत. त्यामुळे नकाशा वापरणाराच नकाशा घडवणारा झाला. आज आपण मोबाइलवरील नकाशात रस्त्यावरची गर्दी पाहतो, तेव्हा तीही आपल्यासारख्याच वाटसरूंच्या फोनकडून मिळालेल्या स्थानांवरून काढलेली असते. साधने बदलली, तरी देवघेवीचे तत्त्व तेच आहे.

परंतु निरनिराळ्या देशांची जहाजे निरनिराळ्या मापांनी नोंदी करीत होती. अशा नोंदी एकत्र करणे म्हणजे वेगवेगळ्या वजनांनी तोललेल्या धान्याची बेरीज करणे. ही अडचण दूर करण्यासाठी मॉरी यांच्या पुढाकाराने ऑगस्ट-सप्टेंबर १८५३ मध्ये बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे परिषद भरली. दहा राष्ट्रांचे प्रतिनिधी तीत सहभागी झाले. संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले अध्यक्षस्थानी होते. समुद्रावरील हवामानाच्या नोंदी एकाच नमुन्यात करण्याचे या परिषदेत ठरले. युद्धकाळातही हे काम चालू राहावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली. पुढील वर्षी ब्रिटनने आपले हवामान खाते स्थापन केले.

१८५५ साली मॉरी यांचा समुद्राच्या प्राकृतिक भूगोलावरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत भाषांतरे झाली. या ग्रंथात हिंदी महासागरातील मोसमी वाऱ्यांचेही विवेचन आहे. अटलांटिकच्या तळाच्या खोलीचा त्यांनी केलेला नकाशा समुद्राखालून तारायंत्राची तार टाकण्याच्या योजनेला उपयोगी पडला. १८५४ साली धुक्यात दोन जहाजांची टक्कर होऊन मोठी प्राणहानी झाल्यानंतर, अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटींसाठी जाण्याचा व येण्याचा असे दोन स्वतंत्र मार्ग असावेत, अशी आखणी त्यांनी करून दिली.

१.८ मर्यादा व पराभव

मॉरी यांच्या कीर्तीबरोबर त्यांच्यावरील टीकाही वाढली. ते उत्तम संग्राहक होते. परंतु संग्रहावरून सिद्धान्ताकडे झेप घेताना त्यांचा तोल कधी कधी जाई. वारे का वाहतात याविषयीच्या त्यांच्या उपपत्तीत दोष होते. टेनेसीतील शिक्षक विल्यम फेरेल यांनी मॉरी यांचा ग्रंथ वाचून १८५६ साली वाऱ्यांची अधिक समर्थ मीमांसा मांडली. उत्तर ध्रुवाभोवती बर्फाविना खुला समुद्र असावा, असेही मॉरी मानत. अटलांटिकच्या बाजूला भाला लागलेला व्हेल पॅसिफिकच्या बाजूला सापडल्याच्या बातम्यांवरून त्यांनी हे अनुमान काढले होते. व्हेलला जाण्यापुरती वाट असणे आणि जहाजांना खुला समुद्र असणे यांत अंतर आहे. पुढील शोधमोहिमांनी ही कल्पना खोटी ठरवली. जेथे नोंदी दाट होत्या तेथे मॉरी सहसा बरोबर ठरले आणि जेथे त्या विरळ होत्या तेथे चुकले, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

१८५५ साली नौदलाच्या एका मंडळाने त्यांना सक्रिय सेवेतून बाजूला काढले. हा अपमान त्यांना फार लागला. तीन वर्षांनी त्यांना पदोन्नतीसह पुन्हा सेवेत घेण्यात आले. दरम्यान १८५७ साली त्यांच्या पत्नीचे बंधू विल्यम हर्न्डन यांचे ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज वादळात बुडाले. स्त्रिया व मुले यांना वाचवून कप्तान हर्न्डन जहाजाबरोबर तळाला गेले. वादळांचे नकाशे काढणाऱ्याच्या घरातील माणूस वादळाने नेला.

१.९ गुलामगिरीचा प्रश्न

येथपर्यंतचे चरित्र आदर निर्माण करणारे आहे. परंतु चरित्रकाराला येथे थांबता येत नाही. दक्षिणेतील गुलामधारक समाजाच्या हिताचा विचार मॉरी यांच्या मनात खोल रुजलेला होता. अ‍ॅमेझॉन नदीचे खोरे परकीय जहाजांना खुले व्हावे, असा त्यांनी आग्रह धरला. दक्षिणेतील मळेवाल्यांनी आपल्या गुलामांसह तेथे वसाहत करावी, अशी कल्पना त्यामागे होती. त्याच हेतूची छाया हर्न्डन यांनी १८५१-५२ मध्ये केलेल्या अ‍ॅमेझॉनच्या पाहणीवरही होती. वाऱ्यांची आणि देवमाशांची वाट आस्थेने शोधणाऱ्या या अभ्यासकाने माणसांच्या एका मोठ्या समूहाची हालचाल ठरवताना त्या माणसांची इच्छा विचारात घेतली नाही.

एप्रिल १८६१ मध्ये व्हर्जिनियाने संघराज्यातून फुटून निघण्याचा निर्णय घेतला. २० एप्रिल रोजी मॉरी यांनी पदाचा राजीनामा दिला आणि एकोणीस वर्षे उभारलेली संस्था सोडून ते दक्षिणेच्या बाजूला गेले. जहाजे सुखरूप पोहोचावीत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, तेच आता विजेच्या साह्याने उडणारे पाणसुरुंग तयार करू लागले. १८६२ साली दक्षिणेच्या कामासाठी ते इंग्लंडला गेले. १८६३ साली त्यांचा एक मुलगा व्हिक्सबर्गजवळ बेपत्ता झाला.

१८६५ साली दक्षिणेचा पराभव झाला. मायदेशी परतणे धोक्याचे असल्याने मॉरी मेक्सिकोत सम्राट मॅक्सिमिलियनच्या आश्रयाला गेले व पराभूत दक्षिणेतील लोकांची तेथे वसाहत करण्याची योजना त्यांनी हाती घेतली. ती फसली. पुन्हा इंग्लंड, आणि सार्वत्रिक माफीनंतर १८६८ साली व्हर्जिनिया, असा त्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. लेक्सिंग्टन येथील लष्करी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. शेतकऱ्यांना हवामानाची वेळीच माहिती मिळावी, यासाठी त्यांनी व्याख्याने दिली. १ फेब्रुवारी १८७३ रोजी लेक्सिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे हवामानशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ब्रुसेल्सला जे बीज पडले होते, त्याचाच तो विस्तार होता.

१.१० मूल्यमापन

मॉरी यांच्या मार्गदर्शनाखाली जमा झालेल्या नोंदी आज संगणकांत उतरवल्या गेल्या आहेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे समुद्रावरील हवामान कसे होते, हे जाणून घेण्यासाठी हवामानबदलाचे अभ्यासक त्यांचा उपयोग करतात. वाऱ्याची दिशा लिहिणाऱ्या त्या अनाम खलाशांना आपली ओळ कधी काळी अशी वाचली जाईल, याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या बाजूने, रिचमंड शहरात १९२९ साली उभारलेला मॉरी यांचा पुतळा २०२० साली हटवण्यात आला. अमेरिकेच्या नौदल विद्यालयातील ज्या इमारतीला त्यांचे नाव होते, तिचेही नाव २०२३ साली बदलण्यात आले. यामुळे त्यांचे नकाशे खोटे ठरत नाहीत आणि नकाशे खरे असल्यामुळे त्यांची बाजू न्याय्य ठरत नाही. पुतळा उभारणे म्हणजे गौरव करणे, तर चरित्र लिहिणे म्हणजे समजून घेणे. पुतळ्याला एकच चेहरा असतो; चरित्रकाराला मात्र दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाच कागदावर मांडाव्या लागतात. गैरसोयीच्या नोंदी वगळल्या, तर नकाशा जसा फसवा होतो, तसेच चरित्रही होते. ही शिस्त मॉरी यांनी समुद्राबाबत पाळली. त्यांच्या आयुष्याबाबत ती आपण पाळली पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

१. ब्रुसेल्स परिषदेची गरज का निर्माण झाली?
२. खुल्या ध्रुवीय समुद्राविषयीचे मॉरी यांचे अनुमान कोठे चुकले?

१.११ सारांश

मॅथ्यू फाँटेन मॉरी यांनी जहाजांच्या टाकून दिलेल्या वह्यांतून समुद्रावरील वारे, प्रवाह व व्हेल यांच्या हालचालींचे नियम शोधले. अनेक सदोष नोंदी एकत्र केल्या की विश्वासार्ह चित्र मिळते, हे त्यांनी दाखवले. नोंदी देणारा व नकाशा वापरणारा यांना त्यांनी एका व्यवस्थेत जोडले आणि राष्ट्राराष्ट्रांत नोंदींचा एक समान नमुना रूढ केला. त्यांचे सिद्धान्त काही ठिकाणी चुकले. गुलामगिरीच्या प्रश्नावर त्यांनी अन्यायाची बाजू घेतली. त्यांचे चरित्र वाचताना या सर्व गोष्टी एकत्रच ध्यानात घ्याव्या लागतात.

१.१२ सरावासाठी स्वाध्याय

१. अनुभव, नोंद व ज्ञान यांतील फरक मॉरी यांच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील वा वस्तीतील एखादी नियमित हालचाल निवडा. उदाहरणार्थ, आठवडी बाजाराला येणारी माणसे, ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे किंवा पाणवठ्यावर येणारे पक्षी. तिच्या नोंदी कशा ठेवाव्यात, हे दोनशे शब्दांत लिहा.
३. कर्तृत्ववान परंतु सदोष व्यक्तीचे चरित्र लिहिताना चरित्रकाराने कोणती पथ्ये पाळावीत? चर्चा करा.